पेटीतलं बाळ आणि आईचा हात

गेल्या डिसेंबरात एका पहाटे, फजरची नमाज नुकतीच झाली होती, धुळ्याहून आपांचा फोन आला. भाचीचं बाळंतपण दोन महिने आधीच झालं होतं. मुलगा. वजन एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि एरंडोल-पारोळा करत आम्ही धुळे गाठलं, तेव्हा दहा वाजून गेले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन्हीकडची माणसं बसली होती. कुणी तसबीह ओढत होतं, तर कुणी बोटांवर महिने मोजत होतं. त्या मोजणाऱ्यांपैकी एक वयस्कर फुफी हलक्या आवाजात म्हणाल्या, "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. हिला तर आठवा लागला होता."

खानदेशात ही समजूत फार जुनी आहे. हिंदू-मुसलमान सगळ्यांच्याच घरात ती ऐकायला मिळते आणि ती पूर्ण चुकीची आहे. बाळ आईच्या पोटात जितके आठवडे जास्त राहील, तितकी त्याच्या जगण्याची शक्यता वाढते. आठव्या महिन्याचं बाळ सातव्यातल्या बाळापेक्षा नेहमीच जास्त तयार असतं. आम्ही फुफींना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते अल्लाह जाणे.

बाळ काचेच्या पेटीत होतं. नाकात नळी, पायाला तार, हाताला सुई. भाचीला व्हीलचेअरवरून काचेपाशी आणायचे आणि परत न्यायचे. सगळ्यांना एकच सूचना होती, हात लावायचा नाही. जंतुसंसर्गाची भीती खोटी नव्हती, हे आम्ही कबूल करतो. पण पाच दिवस त्या मुलीने स्वतःच्या बाळाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि त्याच पाच दिवसांत त्या बाळाला रक्तासाठी, सलाईनसाठी, चिकटपट्टी काढण्यासाठी किती हात लागले, ते आम्ही काचेतून पाहिलं होतं. आईचा तेवढा लागला नव्हता.

सहाव्या दिवशी पाळीवर दुसरी सिस्टर आली. तिने भाचीला बांगड्या-अंगठी काढायला लावली, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि म्हणाली, "ताई, कुरवाळू नका, थापटू नका. एक तळवा डोक्यावर ठेवा, एक पायांना टेकवा, आणि नुसतं थांबा." भाची थांबली. बाळ आधी दचकलं, बोटं फाकवली, मग हळूहळू मुठी मिटल्या. मशीनवरचा हृदयाच्या ठोक्यांचा आकडा खाली येत स्थिरावला. आम्ही काचेबाहेरून तो आकडाच बघत होतो. घरी परतल्यावर आम्ही या विषयावर जे मिळालं ते वाचलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय! त्यातलं जे पक्कं आहे, तेवढं या महिन्यात इथे मांडतो.

माणसाच्या पाच इंद्रियांपैकी सगळ्यांत आधी जागा होतो तो स्पर्श. गर्भ सात-आठ आठवड्यांचा असतानाच ओठांभोवतीच्या त्वचेला स्पर्श कळू लागतो, मग तळहात, मग हळूहळू सगळं अंग. नजर सगळ्यांत शेवटी तयार होते. म्हणजे एकतिसाव्या आठवड्यात बाहेर आलेल्या बाळाला जग दिसतं कमी आणि लागतं जास्त. पोटात असतं तर त्याच्याभोवती कोमट पाणी असतं, चहूबाजूंनी गर्भाशयाची मऊ भिंत असती, पाय पसरले की कुठेतरी टेकले असते. पेटीत पाय पसरले की हाताशी लागते ती हवा, आणि पाठीखाली सपाट गादी.

याच काळात मेंदूचं बांधकाम सर्वांत वेगात चाललेलं असतं. चौतिसाव्या आठवड्याच्या बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन-तृतीयांश असतं. उरलेला एक-तृतीयांश मेंदू शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतो. मेंदूच्या घड्या याच दिवसांत पडतात, त्वचेकडून येणाऱ्या तारा मेंदूशी याच दिवसांत जोडल्या जातात. घराची वायरिंग चालू असताना भिंतीत जे बसवाल ते बसतं, तसंच काहीसं. म्हणून या आठवड्यांतला स्पर्श कसा होता, याला महत्त्व आहे.

हे फार उशिरा मान्य झालं. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतले डॉक्टरसुद्धा समजत होते की इतक्या लहान बाळाला वेदना कळत नाही, त्याची मज्जासंस्था कच्ची आहे. नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. ही समजूत मोडण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉ. कंवलजीत आनंद आपल्या शेजारच्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. धुळ्याहून आग्रा रोडने सरळ वर गेलं की येतं, तेच इंदूर. तिथून ते ऑक्सफर्डला गेले. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक औषध नीट दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण किती कमी राहतो आणि नंतरचा त्रासही कसा कमी होतो, हे त्यांनी १९८७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं. लंडनमध्ये मारिया फिट्झजेराल्ड यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रक्त घेण्यासाठी ज्या टाचेला वारंवार टोचलं जातं, तो पाय नंतर साध्या स्पर्शालाही झटकन मागे घेतला जातो. दुसरा, न टोचलेला पाय तसा वागत नाही. म्हणजे एवढंसं बाळ, पण दुखणं लक्षात ठेवतं.

आता एका आकड्याकडे बघा. पॅरिसच्या दवाखान्यांतल्या ४३० नवजात बाळांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका बाळावर दिवसाला सरासरी सोळा त्रासदायक क्रिया होत होत्या, त्यांतल्या दहा वेदनेच्या. बहुतेक वेळा वेदना कमी करायला काहीच दिलेलं नव्हतं. या सुया वाईट हेतूने टोचत नाहीत. त्यांच्याशिवाय ही बाळं जगली नसती. प्रश्न एवढाच, की दहा वेळा टोचणाऱ्या हातांसोबत दहा वेळा शांत हातही लागतो का?

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत नताली मैत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२५ बाळांच्या डोक्यावर मऊ जाळीची टोपी घातली. मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणारी. मग त्वचेवर हवेची अगदी हलकी फुंकर सोडली आणि मेंदू कसा उत्तर देतो ते पाहिलं. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मेंदू या हळुवार स्पर्शाला पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा कमी उत्तर देत होता. पण ज्या अपुऱ्या बाळांना दवाखान्यात आईबापाचा हात, छातीवरची ऊब, अंगावरचं दूध जास्त मिळालं होतं, त्यांचं उत्तर जास्त ठळक होतं. ज्यांच्या वाट्याला वेदना जास्त आली होती, त्यांचं उत्तर दबलेलं होतं. आम्हाला त्या फुंकरीचं फार नवल वाटलं. आपण दुआ पढून बाळावर फुंकर घालतो ना, तेवढीच ती असेल.

आईच्या छातीवर बाळ ठेवायची पद्धत आता आपल्याकडे सगळ्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत माहीत आहे. 'कांगारू मदर केअर' म्हणतात तिला. तिचा जन्म श्रीमंतीतून झालेला नाही. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास पेट्या कमी होत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत, बाळं जंतुसंसर्गाने दगावत. तेव्हा डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी आयांनाच पेटी बनवलं. बाळ उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं, आईचं दूध द्यायचं आणि दोघांना लवकर घरी पाठवायचं. त्याच देशात पुढे नव्वदच्या दशकात जन्मलेल्या बाळांना वीस वर्षांनी पुन्हा शोधून काढलं, तेव्हा असं वाढवलेली मुलं शाळा कमी बुडवणारी, कमी चंचल आणि कमी आक्रमक निघाली.

आपल्या देशाचाही यात हिस्सा आहे. पूर्वी नियम होता, बाळ आधी स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतल्या चार देशांतली रुग्णालयं यांनी मिळून एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या दरम्यानच्या ३,२११ बाळांवर अभ्यास केला. काहींना जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर दिलं, दिवसाचे जवळपास सतरा तास, आणि डॉक्टरांची सगळी देखभाल तिथेच. बाकीच्यांना जुन्या पद्धतीने आधी पेटीत. २०२१ मध्ये निकाल आला. लगेच छातीवर दिलेल्यांत मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. दुसऱ्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला. जन्मल्याबरोबर छातीवर, दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितकं जमेल तितकं. फक्त ज्या बाळाला स्वतःहून श्वासच घेता येत नाही किंवा जे अत्यवस्थ आहे, त्याला आधी सावरायचं. हरियाणात तर कमी वजनाच्या बाळांना त्यांच्या घरीच असं ठेवायला शिकवलं, तरी मृत्यू बरेच घटले.

भारतात २०२० या एका वर्षात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली. ही थोड्या घरांची गोष्ट नाही. आपल्या मोहल्ल्यातही एखादं असेल.

आता आपल्या घरांतल्या अडचणींविषयी बोलू या, कारण खरी अडचण तिथेच येते. भाचीने बाळ छातीवर घ्यायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न पडद्याचा आला. वॉर्डात डॉक्टर येतात, वॉर्डबॉय येतो. सिस्टरला विचारलं, तर तिने पुढून उघडणारा गाऊन दिला, पडदा ओढला आणि वर ओढणी घेऊ दिली. विचारायला लाजू नये, एवढंच. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाला अडथळा येत नाही. वरून मऊ सुती कापडाने घट्ट बांधायचं. एकदा घेतलं की निदान तासभर उचलायचं नाही, कारण सारखी काढ-घाल बाळाला थकवते.

दुसरा प्रश्न नवऱ्याचा. जावई चांगला मुलगा, पण वडीलधाऱ्यांसमोर शर्टाची बटणं काढून बाळ छातीवर घ्यायला संकोचत होता. भाचीला मात्र झोप हवी होती. शेवटी आपाच त्याला म्हणाल्या, "अरे, रसूलुल्लाह (स.) सगळ्यांसमोर नातवांचे मुके घेत, आणि तुला लाज कसली?" त्या दिवसापासून रात्रीची पाळी त्याची. बापाची छाती तेवढीच उबदार असते. आजी, खाला, फुफी, कुणीही निरोगी माणूस घेऊ शकतो, खोकला-सर्दी आणि त्वचेचा आजार नसला की झालं.

डिसेंबर-जानेवारीत खानदेशची थंडी अंगात शिरते, तेव्हा ही ऊब फार कामी येते. पण मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना कुणाचं बाळ आलं तर? तेव्हाही छातीवर घ्यायचं, फक्त वरची दुलई काढायची, खोलीतली गार बाजू निवडायची आणि कूलरचा झोत सरळ अंगावर येऊ द्यायचा नाही. बाळाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस राहिलं पाहिजे. साधा थर्मामीटर घरात ठेवा.

मालिशवाल्या बाईचा विषय नाजूक आहे. आमच्याकडे ती तिसऱ्या दिवसापासून यायची, पायावर बाळ घेऊन रगडायची, आणि न्हाऊ घातल्यावर लोबानाची धुरी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे चालत नाही. त्वचा कागदासारखी पातळ, फुप्फुसं कच्ची, धूर तर मुळीच नको. मात्र तेल वाईट नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये दाखवलं की खोबरेल तेलाने हळुवार मालिश केलेल्या अपुऱ्या बाळांचं वजन जास्त वेगाने वाढलं. अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्येच पाहिलं होतं की दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं नीट मालिश केलेली बाळं ४७ टक्के जास्त वजन घेतात आणि सहा दिवस आधी घरी जातात. त्यातली गंमत अशी की अगदी हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श या बाळांना आवडत नाही. त्यांना थोडा दाब असलेला, संथ हात हवा असतो. आणि सुरुवात कधी करायची, हे डॉक्टरांना विचारूनच. आमच्या भाचीला वजन वाढीला लागल्यावर सांगितलं, तोवर नुसता स्थिर हात.

बाळ दमलं की सांगतं. बोटं फाकवतं, उचकी लागते, कपाळाला आठी पडते, अंग ताठ करतं, रंग बदलतो. तसं दिसलं की हलवणं, बोलणं, सगळं थांबवायचं, फक्त हात तिथेच ठेवायचा. पाहुण्यांना हे समजावणं सर्वांत कठीण. सगळ्यांना गालाचा मुका हवा असतो. भाचीच्या सासूबाईंनी दारावर कागद लावला होता, "बाळाला चाळीस दिवस सलाम लांबूनच." त्यांच्या या एका कागदावर आम्ही फिदा आहोत.

अकीका सातव्या दिवशी व्हावा अशी सगळ्यांची इच्छा होती. पण हाताला सुई असलेल्या बाळाच्या डोक्यावर वस्तरा कसा फिरवणार? मौलाना साहेबांना विचारलं. पुढे केला तरी चालतो, म्हणाले. तो बाळ घरी आल्यावर, वजन दोन किलोच्या पुढे गेल्यावर केला. तहनीकचंही तेच. मध तर वर्षाच्या आतल्या कोणत्याच बाळाला देऊ नये, आणि अपुऱ्या बाळाच्या तोंडात डॉक्टरांना न विचारता काहीच घालू नये. पुढे रमजान आला तेव्हा भाची दूध काढून वाटीने पाजत होती. तिला रोजे सोडवत नव्हते. दूध पाजणाऱ्या आईला सवलत आहे आणि ती सवलत अशाच वेळेसाठी आहे, हे तिला पटवायला आपांना दोन दिवस लागले.

दोन तपासण्या मात्र कुणी विसरू नयेत. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधीच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिनाभराच्या आत तपासून घ्यावाच लागतो, फार लहान बाळाचा त्याच्याही आधी. वेळेत कळलं तर उपचार आहे. उशीर झाला तर नजर जाते, आणि मग काही करता येत नाही. दुसरी कानांची. जळगाव-धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत विचारा, आजारी नवजाताचा उपचार आणि ने-आण सरकारी योजनेत मोफत आहे. आशाताई घरी येते तिला दाराबाहेरून परत पाठवू नका. घरी येऊन नवजाताला बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली, मग देशाने उचलली.

आता थोडं आमच्या स्वतःच्या वर्गाबद्दल. काही वर्षांपूर्वी आमच्या तिसरीत एक मुलगा होता. अक्षर गिरवायला त्याचा हात धरला की झटका देऊन सोडवून घ्यायचा. रांगेत कुणाचा धक्का लागला की मारामारी. बे, पे, तेचे नुक्ते कधी वर, कधी खाली, आणि मराठीच्या तासाला वेलांट्या उलट्या. तोंडी विचारा, सगळं येतं. आम्ही त्याला उद्धट समजलो. दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. पालकसभेत त्याची आई ओढणीचं टोक चावत म्हणाली, "बाई, हा सात महिन्यांचा. सव्वीस दिवस पेटीत होता. याला नवे कपडेसुद्धा टोचतात." आम्ही त्या दिवशी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी गुळमुळीत दिलं असणार.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये घरी सोडलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. इतका चिवट पाठपुरावा आपल्या देशात विरळा. बाराव्या वर्षी या मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेतच होती, बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडी कमी. पण डोळ्याने पाहून हाताने उतरवणं, हालचालींचा सफाईदारपणा, वाचन आणि गणित, इथे अडचण जास्त होती. म्हणजे आमच्या त्या मुलाचे नुक्ते. हा अहवाल २००४ मध्येच छापून आला होता, आमच्या बीएडच्या पुस्तकांत मात्र यातलं काही नव्हतं. बहुतेक अपुरी बाळं नीट शिकतात, हेही खरं. पण शिक्षक वाचक असतील तर त्यांनी प्रवेशाच्या वेळी आईला एक साधा प्रश्न विचारावा, बाळ पूर्ण दिवसांचं होतं का? आणि मग त्या मुलाचा हात न सांगता मागून धरू नये. समोर यावं, सांगावं, थोडा दाब देऊन धरावा. जाड पेन्सिल द्यावी, मोठ्या चौकटींची वही द्यावी.

भाचीचं बाळ आता आठ महिन्यांचं आहे. सासूबाईंना काळजी लागली होती की शेजारचं आठ महिन्यांचं बसतं, आपलं अजून लोळतंय. दवाखान्यात त्यांना समजावलं की याचं वय जन्मापासून मोजायचं नाही, ज्या दिवशी जन्मायला हवं होतं त्या दिवसापासून मोजायचं. तसं ते सहा महिन्यांचं भरतं, आणि सहा महिन्यांच्या बाळासारखंच वागतं. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजायचं.

गेल्या रविवारी आम्ही धुळ्याला गेलो होतो. नवीन टोपी घातली की बाळ रडायचं, काढली की गप्प. भाचीने टोपी उलटी केली, आतल्या शिवणीवरचा कंपनीचा ताठ बिल्ला कात्रीने कापून टाकला आणि पुन्हा घातली. बाळ टोपी घालून आमच्या छातीवर झोपलं. परतीची चारची बस आम्ही सोडून दिली.